स्कीचा उतार आणि वरची माती

हिमालयातून आलेला नेगी सफरचंदाच्या पेटीत मातीमुळांसकट गवताचा जाड तुकडा घेऊन आमच्या कोरमंगलाच्या ऑफिसात उभा होता. माझे बॉस मूर्ती सर त्याला म्हणत होते, “ओन्ली सॉइल. गवत, मुळं आम्ही काढूनच टाकतो.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सॉइल इंजिनीअर. आमची कन्सल्टन्सी रस्त्यांची कामं करायची. बेंगळुरूच्या एका हॉटेल कंपनीला डोंगरावर स्कीसाठी उतार बनवायचा होता, म्हणून तिथली माती तपासायला आमच्याकडे आली. नेगी त्यांचा साइट सुपरवायझर. उताराच्या पायथ्याशी त्याचं घर आणि बटाट्याचं शेत होतं.

रस्त्याच्या कामात पहिली पायरी स्ट्रिपिंग. वरचा गवतामुळांचा थर खरवडून फेकायचा आणि खालची माती रोलरने दाबायची, म्हणजे कॉम्पॅक्शन. सरांनी डोंगरासाठीही तेच लिहिलं होतं. आमच्या लेखी गवत म्हणजे कचरा.

“सर, तिथून गाड्या जायच्या नाहीत. बर्फ वितळून पाणी जाणार आहे,” मी म्हटलं.

“स्वल्प प्रॅक्टिकल व्हा, मॅडम. क्लायंट उद्या येतोय.”

क्लायंटचे साहेब आले तेव्हा मी अंगणात दोन ट्रे तिरके लावून ठेवले होते. एकात नेगीचं गवत जसंच्या तसं, दुसऱ्यात तीच माती, मुळं काढून दाबलेली. दोन्हींवर झारीने पाणी ओतलं. गवतातून ते सावकाश ठिबकलं. दाबलेल्या मातीत मुरलंच नाही, गाळ घेऊन थेट साहेबांच्या बुटांवर आलं. मला हसू आवरेना. नेगी मात्र हसला नाही.

“गवताच्या लाद्या कापून बाजूला ठेवा, काम झालं की परत बसवा,” मी सांगितलं.

“सीझन निकल जाएगा, मॅडम,” साहेब म्हणाले.

मी रिपोर्टवर सही केली नाही. सर माझ्यावर चिडले, मीही चिडले. कंपनीने दुसरा कन्सल्टंट गाठला आणि बर्फ पडायच्या आत उतार तयार केला. त्याचं गुळगुळीत ब्रोशर सरांनी मुद्दाम माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

बर्फ वितळल्यावर नेगीचा फोन आला. “घर बच गया, मॅडम. खेत गया.” उतारावरच्या खरवडलेल्या मातीचा गाळ वाहून येऊन सगळ्या शेतावर पसरला होता. मला फार वाईट वाटलं. नकार देऊन मी फक्त माझी सही वाचवली होती.

पुढच्याच आठवड्यात साहेबांचा फोन. उतारावर गवताचं बी टाकलंय, पण उगवत नाही. वरची चांगली माती कुठे मिळेल?

“तुमचीच आहे. खाली नेगीच्या शेतात.”

मी रागाने बोलले होते. त्यांनी तो सल्ला समजून लिहून घेतला. त्या उन्हाळ्यात नेगी कंपनीच्या पगारावर स्वतःच्या शेतातला गाळ उपसून खेचरांवर लादत होता. खरवडायला बुलडोझर होता. परत वर न्यायला खेचरंच लागली.