माईकचा अर्ज

युनिव्हर्सिटीत मी झाडलोट करायचे. वर्ग झाडायचं, मीटिंग असली की च्या द्यायचा. त्याच इमारतीत माजी पोरगी एम्ए शिकत हुती. वर्गावर वळख दावू नगंस, असं मीच तिला बजावलं हुतं.

ल्हानपणी तापात तिचं कान गेलं. एक पुरा, एक अर्धा. मशीन घेतली, पर मीच ती केसाखाली दडवून घालाय लावायची. गर्दीत तिचा उपेगबी हुईत नव्हता. पोरगी पयल्या बाकावर बसायची आन् शिकवणाऱ्याच्या ओठाकडं बगून समदं धरायची. आमच्यात पोरीचं असलं कुनी उघडं करत न्हाय. आलेलं पावनं परत जात्यात. तिचा बा मेल्यावर तिचं लगीन माज्या एकटीवर हुतं, म्हनून मी तोंड शिवून घेतलं.

पोरीनं तिला शिकवणाऱ्या बाईस्नी माज्या माघारी सांगितलं. नाव कुटं लिवू नगासा म्हनून शपतबी घातली. बाई भली. वर्गासाठी नवं सामान घ्याचं ठरत हुतं, तवा तिनं माईकचा अर्ज दिला. मास्तर माईकात बोलल्यालं थेट कानातल्या मशीनीत जातंय, असलं कायतरी.

त्याची मीटिंग बसली. तीन वर्सांत काय काय घ्याचं ते त्या दिवशी एकदमच ठरायचं हुतं. मी कप वाटत हुते. मोठ्या सायबानं अर्ज वाचला आन् इचारलं, "मॅडम, किती पोरास्नी लागतंय हे?"

"एक तर हाय, सर. पण नाव सांगता येत न्हाय मला."

बाजूचा एक मास्तर म्हनला, "बिननावाचं लेकरू! आदी बारसं करा मॅडम, मग माईक घेऊ."

समदी हसली. सायब हसला न्हाय. म्हनला, "पोरांच्या फीचा पैसा हाय ह्यो. गरज कागदावर नगो? उद्या कुनी इचारलं तर मी काय दावू?" वाईट मानूस नव्हता त्यो. मग माज्याकडं वळला. "आक्का, तुमी रोज वर्गावर असतासा. ऐकाय येत न्हाय असं कोन हाय काय?"

बाईनं माज्याकडं बगितलं. पोरगी माजी हाय हे तिला ठावं हुतं. शपतंपायी ती गप ऱ्हायली. आन् संकेश्वरचं पावनं त्याच आयतवारी पोरगी बगाय येनार हुतं.

मी म्हनलं, "न्हाय सायेब. समद्यास्नी चांगलं ऐकाय येतंय."

त्यानं अर्ज बाजूला सारला. समदा पैसा वर्गावर्गात चित्रं दावायचं मोठं पडदं लावायला गेला.

पडदं आलं. चित्रं दिसाय पायजेत म्हनून मास्तर लोकं खिडक्या झाकाय लागली, दिवं घालवाय लागली. त्या काळोखात पोरीला ओठ दिसंनात. म्हैनाभर बसली बिचारी. एक दिस म्हनली, "आई, मला वर्गात कायबी कळंना झालंय."

"पडद्यावर लिवल्यालं असतंय की गं. वाच."

"चार वळी असत्यात. बाकीचं समदं तोंडानं सांगत्यात."

पेपर गेलं तिचं. मग मात्र मी बाईकडं गेले, रडले. बाई म्हनली, "आक्का, त्या दिवशी एक शबुद बोलायचा हुता वो." तरी ती सायबाकडं गेली. ठरल्यालं मोडायला परत मीटिंग पायजे, आन् ती हुईस्तवर वर्स निगून जातंय, असं त्यानं सांगितलं. पोरगी म्हनली, ऱ्हाऊ दे आई. लगीन लागलं आन् ती संकेश्वरला गेली.

दोन म्हैन्यांनी मी तिला बगाय गेले. इहीनबाई च्या देत म्हनली, "पोरीच्या कानाचं तुमी दडवलासा. मी बगाय आलते त्याच दिवशी मला कळलं हुतं."

मी कप खाली ठिवला.

"भ्यालासा व्हय? आमच्या मालकास्नी तर दोनी कानांनी ऐकाय येत न्हाय. कुटं अडलं आमचं? पोरगी एम्ए हुतीया, कालेजात शिकवंल, म्हनून तर पसंत केली. तिनं शिकनं मदीच का सोडलं वो?"

पोरगी पाठमोरी चुलीम्होरं बसल्याली. तिच्या कानावर ह्यातलं काय गेलं न्हाय. मी उठले, तिच्या म्होरं जाऊन बसले. तिनं वर बगितल्यावर सांगितलं, "त्या मीटिंगीत मी हुते. सायबानं मलाच इचारलं. मी न्हाय म्हनलं, म्हनून माईक आला न्हाय."

ती माज्या ओठाकडं बगत ऱ्हायली. मला वाटलं कळलं न्हाय, म्हनून मी परत सांगाय लागले.

"कळलं, आई," ती म्हनली, आन् तव्यावरची भाकरी उलटली.