लुक्कातली अर्धी प्रदक्षिणा

मला दंडाला धरून नेणाऱ्या बाईंचं नाव जुलिया. ते आधी लिहिते, कारण हल्ली सकाळी रेणुकामाईपुढं दिवा लावला की माईच्या नावामागोमाग तेच नाव तोंडी येतं.

मी सातवीत शाळा सोडलेली बाई. यजमान गेल्यावर मुलानं अमेरिकेत, पार्सिपनीला आणलं, तेव्हापासून भीती पाठीशीच. साधा फोन वाजला तरी छातीत धस्स व्हायचं. या उन्हाळ्यात मुलगा आणि सूनबाई मला इटलीला घेऊन गेले. लुक्का नावाचं जुनं शहर, गाड्यांची वर्दळ नाही, नुसतं रमतगमत हिंडायचं. तिथं मला बरं वाटायला लागलं होतं.

एके दिवशी ऊन उतरल्यावर एका चर्चपाशी थांबलो. देव कुणाचाही असो, मी हात जोडले आणि मुलाला म्हटलं, "तुम्ही कॉफी घ्या, मी एक प्रदक्षिणा घालून येते." फोन सूनबाईच्या पर्समध्येच राहिला. चर्चच्या मागच्या भिंतीला घरं चिकटलेली. तरी देव उजव्या हाताला धरून मी गल्लीमागून गल्ली वळत गेले. अर्ध्या प्रदक्षिणेतून मागं फिरायचं नाही, ही आमच्या घरची रीत! थोड्या वेळानं देवही दिसेना आणि वाटही. हॉटेलचं नाव ठाऊक नाही, भाषा येत नाही. एका पायरीवर बसले, डोळे मिटले आणि म्हटलं, "माई, माझं डोकं चालत नाही. आता तूच ने."

डोळे उघडले तर समोर काठी टेकत उभ्या असलेल्या, पिकल्या केसांच्या एक बाई. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "जुलिया." मग माझ्या दंडात हात घालून चालू लागल्या. मी घाईनं पुढं ओढायची, त्या "पियानो, पियानो" म्हणत मला मागं घ्यायच्या. सावकाश, एवढं त्यांच्या हातावरूनच कळलं. मोठ्या रस्त्याला लागलो, तर सगळं गाव नटूनथटून फिरायला निघालेलं. जुलियाबाई दुकानांच्या काचांत डोकावत होत्या, भेटेल त्याच्याशी गप्पा मारत होत्या. मनात आलं, अहो, मी हरवलेय आणि तुम्ही मला बूट काय दाखवताय! रस्ता संपला तशा त्या वळल्या, आणि पुन्हा तोच रस्ता. तेव्हा मी ओढणं सोडलं. माईला 'ने' म्हटलंय ना, मग कसं न्यायचं ते तिचं तिला ठरवू दे. छातीतली धडधड हळूहळू निवली. एका काचेमागची तांब्याची भांडी तर मीच त्यांना थांबवून बघितली.

तेवढ्यात समोरून मुलगा. "आई! काय गं हे! सगळं गाव पालथं घातलं आम्ही!"

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी म्हणाली, "आम्ही इथं पॅनिक झालोय आणि आई विंडो शॉपिंग करतायत!"

जुलियाबाईंनी बोट नाचवत मुलालाच फैलावर घेतलं. त्यानं फोनवर भाषांतर करून सांगितलं, "त्या म्हणतायत, संध्याकाळी सगळे याच रस्त्यानं फिरतात. तुम्हीही येणारच होतात, मग धावायचं कशाला?"

हा योगायोग की माईची कृपा, याचा वाद मी घालत नाही. स्वतःला सोपवलं त्या क्षणापासून मला भीती वाटली नाही, एवढं मात्र खरं. आता पार्सिपनीत संध्याकाळी मी एकटी फिरायला जाते.

जुलियाबाईंचं वय झालंय. कधीतरी त्यांना एकटीनं चालवणार नाही. तेव्हा मी लुक्काला जाईन आणि त्यांना दंडाला धरून, त्यांच्याच चालीनं, त्या रस्त्यावरून फिरवून आणीन. हा शब्द मी माईसमोर दिला आहे.