बंदराकाठचं कॉलेज

आत्या दातांच्या कवळ्या बनवायची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीशी प्लास्टरचे जबडे मांडून ती बसायची. मेणात एकेक दात लावायचा, चावा जुळतो का बघायचं, नाही जुळला की खरवडून पुन्हा लावायचा. "दिवसभर लोकांचे दात बसवते आणि घरी येऊन माझ्यावर दातओठ खाते," असं भाची म्हणायची, आणि आत्याला हसू आवरायचं नाही.

भाची चार वर्षांची असताना तिची आई तापाने गेली. आत्याचा पाठचा भाऊ लेकीला कडेवर घेऊन दारात उभा राहिला. बंदरावर नोकरी लागलीय, राहायला जागा मिळाली की घेऊन जातो, तोवर दोन महिने सांभाळ, म्हणाला. त्या दोन महिन्यांची चौदा वर्षं झाली. आधी फोन यायचे, मग फक्त वाढदिवसाला, मग तेही थांबले. आत्याने स्वतःच्या लग्नाचा विषय केव्हाच गुंडाळून ठेवला आणि पोरीला तळहातावरच्या फोडासारखं वाढवलं.

पोरीला वेड दगडांचं. खिडकीच्या कट्ट्यावर, भांड्यांच्या फळीवर, जिथे बघावं तिथे दगड. शिकायचं तर भूगर्भशास्त्रच, हे शाळेत असतानाच ठरलेलं. शेवटच्या वर्षी बाईंनी सांगितलं, एकाच कॉलेजच्या आशेवर बसू नका. एकदोन आपला हात सहज पोचणार नाही अशी, चारपाच आपल्या मापाची आणि एकदोन हमखास मिळतील अशी निवडा.

रविवारी दुपारी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या.

"म्हणजे कवळीच की ही," आत्या म्हणाली. "पुढचे दात दिसायला. पोट भरतं ते दाढांवर."

पोरगी खळखळून हसली. मग दोघींनी गुण, वसतिगृह, घरापासूनचं अंतर असं सगळं ताडून एकेक कॉलेज ठरवलं. यादी छान जमली होती. तेवढ्यात पोरीने खाली आणखी एक नाव लिहिलं. बंदराच्या शहरातलं.

आत्या म्हणाली, तिथे तुझा विषयच नाही. पोरगी म्हणाली, भूगोल आहे.

"भूगोल कुठे, तुझे दगड कुठे?"

"बाबा तिथे असतात, आत्या."

राहू दे शेवटी, असं म्हणून ती भांडी घासायला उठली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने भावाला फोन लावला. त्याने लगेच ओळखलं, पण आवाज खाली आणला. त्याने पुन्हा लग्न केलं होतं, दोन मुलं होती, आणि पहिल्या लेकीबद्दल घरात अवाक्षर काढलेलं नव्हतं.

"ताई, तिला इकडे नको पाठवूस. माझा संसार मोडेल."

हे पोरीला सांगावं की पोटात ठेवावं, या विचारात आत्याचे दोन दिवस गेले. शेवटी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने सगळं सांगून टाकलं. पोरीने हातातला टॉवेल दोनदा उलगडला, दोनदा त्याची घडी घातली.

"चार वर्षांची होते तेव्हा बघितलंय त्यांनी मला," ती म्हणाली. "आता समोर उभी राहिले, तर नाही म्हणवणार नाही त्यांना."

निकाल लागले. सगळ्यात वरच्या कॉलेजने नकार दिला. मापाच्या एका चांगल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र मिळत होतं, वसतिगृहासकट. बंदराकडूनही होकार आला आणि पोरीने तोच धरला. आत्याने समजावलं, रागावली, अबोला धरून पाहिला. पोरगी बापाच्याच वळणाची, एकदा मनात आलं की आलं. शेवटी आत्यानेच तिची बॅग भरली.

बाप भेटला. स्टँडजवळच्या चहाच्या दुकानात अर्धा तास बसला, अभ्यासाचं विचारलं, घराकडे येऊ नकोस म्हणून बजावलं. दुसऱ्या खेपेला चहा अर्धा टाकून उठला. त्यानंतर त्याचा फोन लागेनासा झाला.

कळल्यावर आत्या रजा टाकून धावत गेली. पोरगी वसतिगृहाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. घरी चल, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, आत्याने परोपरीने सांगितलं.

"पुन्हा यादी नको, आत्या," एवढंच ती म्हणाली.

ती तिथेच राहिली. भूगोल घेऊन पास झाली आणि त्याच शहरात एका नकाशाच्या कचेरीत लागली. घरातले दगड आत्या अधूनमधून पुसून ठेवायची. पोरगी त्यांची चौकशीही करत नसे.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. बाजारात बाबा दिसले, बायको-मुलांसोबत. त्यांनीही तिला बघितलं, आणि धाकट्याचा हात धरून ते दुसऱ्या गल्लीत वळले.

"हाक मारलीस?" आत्याने विचारलं.

"नाही." मग ती म्हणाली, "आत्या, बाबा लहानपणी कसे होते गं?"

आत्या स्टुलावर टेकली. अंधाराला भिऊन तो तिच्या फ्रॉकचं टोक धरून चालायचा, ते तिने सांगितलं. लंगड्या कुत्र्याला स्वतःचा स्वेटर घालून तो थंडीत कुडकुडत घरी आला होता, तेही सांगितलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. पोरगी ऐकत राहिली, मध्येच एकदा हसली.

फोन ठेवल्यावर आत्याला रडू कोसळलं. ते पोरीसाठी होतं की त्या स्वेटरवाल्या पोरासाठी, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.