गच्चीवरचा पेरू

दिल्लीत, मुनिरक्यातल्या उंच इमारतींच्या मधे दबलेल्या आमच्या गच्चीवर हिवाळ्यात ऊन जेमतेम वीस मिनिटं येतं. शेजारच्या खोलीतला लातूरकडचा परीक्षार्थी तेवढ्यासाठी पुस्तक मिटून खुर्ची टाकायचा. पेरू कापायचा, काळं मीठ लावून अर्धा मला द्यायचा आणि म्हणायचा, "गोड आहे यार. देव आणखी काय देणार?" मला त्याचा हेवा वाटायचा, थोडा रागही यायचा.

परवा यूपीएससीच्या मेन्सचा निकाल लागला. त्याचं नाव नव्हतं, आणि हा त्याचा शेवटचा अटेम्प्ट होता. काल तो ठरल्या वेळी गच्चीत आला, पेरू कापला.

"गोड आहे," तो म्हणाला.

मी घास घेतला. पेरू कच्चा होता, नुसता तुरट. तो मात्र डोळे मिटून चावत राहिला, आणि ऊन गेलं तरी उठला नाही.