शर्यतीआधीची नाडी

मुलांनो, परवा थोरली फोनवर चिडून सांगत होती की कॉलेजच्या धावण्याच्या संघात तिची निवड झाली आणि पहिल्याच आठवड्यात, कुणी ताकदीची औषधं घेतं का हे तपासायला, लघवीचा नमुना मागितला. "आजी, आम्ही काय चोर आहोत?" असं तिने विचारलं. त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून आता लिहिते आहे. आमचीही तपासणी होत असे, आणि मुलींची तपासणी मी करत असे.

पन्नासच्या दशकात अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मुली थोड्या, धावणाऱ्या त्याहून थोड्या. मी धावण्यात सुमारच होते, पण वडील वकील असल्यामुळे माझ्या मनगटावर घड्याळ होतं. आमचे खेळाचे सर आखाड्यात वाढलेले. मी सांगते आहे त्याच्या आदल्या वर्षी एक मुलगा शर्यतीत कोसळला होता. परीक्षेच्या दिवसांत जागरणासाठी मुलं ज्या गोळ्या घेत, त्या त्याने घेतल्या होत्या. तेव्हापासून सरांचा नियम झाला: शर्यतीआधी सगळ्यांनी सतरंजीवर स्वस्थ बसायचं, मग सर एकेकाची नाडी बघणार. बसल्याजागी ती उधळलेली असली, तर त्या दिवशी धावायचं नाही. मुलींचा हात हातात घेणं मात्र त्यांना प्रशस्त वाटेना. ते पाठ फिरवून उभे राहत. मी घड्याळ लावून मोजायची आणि मोठ्याने आकडा सांगायची.

माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मोर्शीकडची, संत्र्याच्या बागाइतदाराची मुलगी. वसतिगृहात राहायची आणि माझ्या डब्यातली अर्धी भाजी तिचीच असायची. आमच्यात खरं धावणारी ती एकटी. त्या वर्षी तिच्या वडिलांनी बजावलं होतं, "अकोल्याहून कप आनला त पुढं शीक. नाई त पाहुणे बोलावतो." पाहुणे म्हणजे मुलगी बघायला येणारे.

अकोल्याच्या मैदानावर फक्कीच्या रेघा आखून झाल्या होत्या. कडुलिंबाखाली सतरंजीवर मी तिचं मनगट धरलं. बोटांखाली नाडी नुसती फडफडत होती.

"कमी सांग वं," ती पुटपुटली.

"काय घेतलंस?"

"रातभर झोप नाई आली मले. भावाच्या जागरणाच्या गोळ्या होत्या, सकाळी एक घेतली."

"पडशील तू."

"पडीन त पडीन. पाहुणे येऊन बसतीन, त्याचं काय?"

"आकडा?" सरांनी पाठमोरंच विचारलं.

मला आदल्या वर्षीच्या त्या मुलाचे निळे पडलेले ओठ आठवले. मी होता तो आकडा सांगितला. तिने हात झटक्यात काढून घेतला.

"तिला सावलीतच बसव. पाणी दे," सर म्हणाले.

शर्यत तिच्याविना झाली. तिचे वडील, म्हणजे काका, दोरीपलीकडे उभे होते. ते थेट सरांकडे आले. "काहून नाई पयाली माही पोरगी?"

सरांनी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बाबा, मी गोळी घेतली होती."

काका सरांकडे वळले. मग, एका पंचाने दुसऱ्या पंचाशी बोलावं तसे, सरांना म्हणाले, "आमच्या शंकरपटात बैलांच्या जोड्या पयतात ना मास्तर, तितं कोनी जोडीले दारू पाजून आनते. मी पंच असलो का तोंडाचा वास घेतो अन् काढून देतो जोडी. तुमी बी वास घेता का?"

"नाडी बघतो."

"अन् पोरींची?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. काकांनी मला खालून वर न्याहाळलं. "हे त तुयी दोस्तीण व्हय न वं? इनंच धरलं तुले?"

मैत्रिणीने मान खाली घालून विचारलं, "आता पाहुणे बोलावता काय?"

"पटातून काढलेली जोडी कोनी त्याच दिवशी इकते काय? पुढच्या साली पुन्हा आनते. चाल, संत्री खाय."

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मूर्तिजापूर आलं तेव्हा तिने एक संत्रं सोललं आणि अर्धं माझ्या मांडीवर ठेवलं. "पुढच्या साली बी तूच मोजजो," ती म्हणाली. "पन हात थंडगार असतेत तुहे. चोळून घेत जाय आधी."

पुढच्या वर्षी ती दुसरी आली. काकांनी तेवढ्यावर भागवून घेतलं. ती बी.ए. झाली आणि मोर्शीच्या शाळेत शिक्षिका झाली.

थोरले, तुझा राग मला कळतो. माझा हात मैत्रिणीचा होता. तुझ्याकडे नमुना मागणारा माणूस तुला ओळखतही नाही. तरी नमुना देऊन ये.

सर गेले, काका गेले. ज्या मैदानावर आम्ही धावलो, तिथे आता दुकानं आहेत. माझी ती मैत्रीण मोर्शीलाच असते. तिला ऐकू कमी येतं, पण मी फोन केला की उचलते.