डिस्क बिघडलीच नव्हती

ब्रह्मपुरीत आमचा फोटो स्टुडिओ होता. वडिलांनी सुरू केलेला, त्यांच्या आजारपणात भाऊच्या हाती आलेला. डिजिटल कॅमेरा आला आणि लग्नांचे सगळे फोटो कॉम्प्युटरमध्ये साठू लागले. मी नागपूरहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन घरी बसले होते. नोकरी लागेपर्यंत दुकानातल्या मशीन माझ्याकडे आल्या.

धानाला पाणी द्यायच्या दिवसांत विजेची लाईन केव्हा जाईल याचा नेम नसे. फोटो ठेवायच्या जुन्या मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. लाईन गेली की ती धाडकन बंद पडे, आणि सुरू करताना सगळी डिस्क तपासत बसे. गिऱ्हाईक बाकावर ताटकळत राही. एकदा एका लग्नाचे निम्मे फोटो त्यात गेले. नवरीच्या बापाच्या शिव्या खाऊन झाल्यावर भाऊ मला म्हणाला, "तुह्या शिक्षणाचा उपयोग काय मंग?"

ते मला लागलं. मासिकासोबत आलेल्या एका सीडीवर नव्या तऱ्हेची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायची पद्धत, होती. डिस्कवर काही बदलण्याआधी ती त्याची नोंद करून ठेवी, त्यामुळे मध्येच लाईन गेली तरी त्या नोंदीवरून लगेच सावरे. पण मशीन तिच्यावरून सुरूच होईना. ती वाचायचा प्रोग्राम तिच्याच आत, म्हणजे किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. पडद्यावर एकच ओळ येऊन मशीन थिजायची. मी फ्लॉपी घालून आत शिरे, काहीतरी बदले, पुन्हा तीच ओळ. अखेर डिस्कचा सुरुवातीचा छोटा भाग जुन्या पद्धतीचाच ठेवला आणि सुरू होण्यापुरत्या फायली तिथे टाकल्या. मशीन आधी तिथे जायची, तो प्रोग्राम उचलायची आणि मग मोठा भाग उघडायची.

भाऊसमोर मी चालू मशीनचं बटण बंद केलं. तो ओरडला, "अवो, काय करून राह्यली?" पुन्हा चालू केलं तर सगळे फोटो जागच्या जागी. "जमलं न बाई तुले!" तो म्हणाला. त्याच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच कौतुक.

वडिलांचे शेवटचे फोटो भाऊने काढले आणि त्याच मशीनमध्ये ठेवले. वडील गेले, आणि वर्षाच्या आत मला नागपुरात नोकरी लागली. भाऊला ते रुचलं नाही. निघताना मी सांगितलं, "मशीन बंद पडली तर मले फोन कर. डिस्कले कोणाले हात लावू देऊ नको." तो मान वळवून "हो" म्हणाला.

उन्हाळ्यात मशीनचा पॉवर सप्लाय जळला. डिस्कला काही झालं नव्हतं. भाऊने मला फोन केला नाही, चंद्रपूरचा मेकॅनिक बोलावला. त्याने डिस्क काढून विंडोजच्या मशीनला जोडली. विंडोजला ती फाइलसिस्टिम कळत नव्हती. पडद्यावर विंडोजने विचारलं, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का? मेकॅनिक भाऊला म्हणाला, "इच्यात काईच नाई, भाऊ." भाऊ म्हणाला, "कर मंग." फॉरमॅटमध्ये डिस्क पुसली गेली, आणि वरून मेकॅनिकने तिच्यावर विंडोजही घातलं.

मी धावत आले, डिस्क नागपूरला नेली, जाणत्या लोकांना दाखवली. फुटके तुकडे निघाले. वडिलांचा एकही फोटो निघाला नाही.

"मले फोन काऊन नाई केला?" मी विचारलं.

"तू नागपूरची झाली. तुले काऊन करू?" मग आईच्या देखत म्हणाला, "असं कुलूप घालून गेली का कोणाले उघडताच येऊ नये. बापाले दुसऱ्यांदा मारलं इनं."

मी समजावून पाहिलं. डिस्क चांगली होती, त्यावर सगळं होतं, एक फोन पुरला असता. त्याने ऐकलं नाही. दोन सण आमचं बोलणं बंद राहिलं. मग आई मला मागच्या अंगणात घेऊन गेली आणि रडत म्हणाली, "तूच माफी माग वो. तो झुकत नाई. मले तुमाले दोघायले एका ताटाशी पाहू दे."

मी आत जाऊन भाऊला म्हणाले, "चुकलं माझं." आईसाठी म्हणाले. चुकलं काहीच नव्हतं.

भाऊ जेवता जेवता वहिनीकडे वळला. "पाय, आता तिनंच कबूल केलं." तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक पाहुण्याला तो हेच सांगतो. मी समोर असले तरी सांगतो, आणि मी वाढलेलं ताट पुढे ओढून जेवत राहते.