काकूंचं मनगट आणि जपानी आइस्क्रीम

उमरेडला बाबांचा हातमाग बंद पडला तेव्हा आमच्या घरी दिवसातून एकदाच चूल पेटायची. तरी मी बीकॉम झालो, घराण्यातला पहिला. आता शहरात, मनीषनगरात, आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूही विणकरांच्याच घरातल्या. जन्मभर त्यांनी मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळलं, म्हणून बोलतानाही त्यांची बोटं हवेत गोल फिरतात.

खाद्यजत्रेत मी त्यांना जपानी आइस्क्रीमच्या स्टॉलवर नेलं. काळ्या तिळाचा जेलाटो चाखून त्या खिदळल्या, "हा तं तिळाचा लाडू थंडीनं गारठला गा!" हिरव्या चहाचं सॉफ्ट सर्व्ह, म्हणजे यंत्राच्या नळीतून पडणारं मऊ आइस्क्रीम, मात्र स्टॉलवाल्या ताईंच्या कोनावरून सारखं घसरत होतं. त्यांचा धंद्याचा पहिलाच दिवस, रांग पांगायला लागलेली, ताई रडकुंडीला.

"कोपर काहून हलवून राहिली वं? नुसतं मनगट फिरव!" म्हणत काकू सरळ आत शिरल्या. कांडी भरावी तसा त्यांनी कोन फिरवला. वेढ्यावर वेढा, वर टोक! रांगेनं शिट्ट्याच मारल्या. मग ताईंचा हात धरून त्यांनी तेच चार वेळा करून घेतलं.

पाचवा कोन ताईंनी एकट्यानं भरला आणि तो सरळ उभा राहिला.